खिडकी गोठते, निरोप अडतो: नवशिक्या प्रोग्रामरचे नेहमीचे प्रश्न

निरवांगीतल्या मुलामुलींनी रोजच्या कामाला आलेला प्रोग्राम पहिल्यांदा पाहिलेला असतो तो शाळेच्या संगणक कक्षात नव्हे, दूध संकलन केंद्रावर. नीरेच्या काठचा हा इंदापूर तालुक्याचा पट्टा ऊस आणि दुधावर चालतो. सकाळी कॅन घेऊन केंद्रावर गेलं की दूध काट्यावर चढतं, नमुना फॅट मशीनमध्ये जातो, आणि कुणी टाइप न करता आकडे पडद्यावर येतात: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक), दर, रक्कम. बाजूच्या छोट्या प्रिंटरमधून पावती निघते. दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो तो याच नोंदींवर. या एका टेबलावर संगणकशास्त्राचे दोन विषय शेजारी शेजारी बसलेले असतात. खिडकी, बटणं आणि छपाई हा डेस्कटॉपचा भाग. मशीनमधून तारेने येणारे आकडे आणि दूध संघाच्या सर्व्हरकडे जाणारी नोंद हा यंत्रायंत्रांतल्या संवादाचा.

पुढे हीच मुलं डिप्लोमाला किंवा पदवीला बारामती, इंदापूर, नाहीतर थेट पुणं गाठतात. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात संगणकशास्त्राची पदवी आहे. एमएससीआयटी बहुतेकांची आधीच झालेली असते. प्रोजेक्टचा विषय निवडायची वेळ आली की डेअरी, उसाची नोंद आणि तोडणी, कृषी सेवा केंद्राचा स्टॉक हे गावाकडचे विषय पुढे येतात; आणि गावाशी काही संबंध नसलेला, पण पुस्तकात आयता मिळणारा एक विषय, दोन संगणकांमधलं चॅट. एकाच खोलीत बसलेल्या दोघांनी एकमेकांना संगणकावरून ‘हाय’ पाठवायचं, असा तो प्रकार. विषय कुठलाही असो, काम सुरू झाल्यावर पडणारे प्रश्न मात्र बारामतीत पडतात तेच ब्राझीलमध्येही पडतात.

या प्रश्नांची यादी लांबलचक आहे, पण मला ते शंभर वेगळे प्रश्न वाटत नाहीत. पहिल्या वर्षी शिकवलेला प्रोग्राम वरून खाली धावतो आणि संपतो. दोन संख्या घ्या, बेरीज करा, छापा, झालं. खिडकीचा किंवा नेटवर्कचा प्रोग्राम तसा नसतो; त्याच्या आयुष्याचा बहुतेक वेळ तो कशाची तरी वाट पाहत असतो. माणूस बटण कधी दाबेल, मशीनमधून आकडा कधी येईल, पलीकडचा संगणक उत्तर कधी देईल. नवशिक्याचे निम्म्याहून अधिक प्रश्न ‘इथे कोण कुणाची वाट पाहतंय?’ एवढं विचारलं तर सुटतात, आणि नेमकं तेवढंच प्रॅक्टिकलच्या फाइलमध्ये लिहायला सांगितलेलं नसतं.

अभ्यासक्रमात विषय नाहीत अशी तक्रार करता येणार नाही. राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या संगणक डिप्लोमात प्रगत जावाचा पेपर आठवा: एडब्ल्यूटी, स्विंग, इव्हेंट हाताळणी, नेटवर्किंग, डेटाबेस, सर्व्हलेट, सगळं एका सत्रात. त्याच्या जोडीला व्हीबी डॉट नेटमध्ये खिडक्या करण्याचा वेगळा विषयही होता. आधीच्या पिढीने हेच व्हिज्युअल बेसिक ६ वर केलं, जे १९९८ मध्ये आलं. स्विंगही १९९८ च्याच जावा १.२ बरोबर रुळलं. सॉकेट, म्हणजे प्रोग्रामचं नेटवर्कशी बोलण्याचं टोक, तर १९८३ च्या बर्कले युनिक्समधून आलेले. साधनं जुनी आहेत, खणखणीत आहेत. अडचण त्यांच्या मांडणीची. प्रत्येक घटकाला दोन-तीन प्रयोग, प्रत्येक प्रयोगाचा कोड पाठ, आणि तोंडी परीक्षेत व्याख्या. खिडकी आणि सॉकेट एकत्र आले की काय होतं, हा प्रयोग त्यात सहसा नसतो. प्रोजेक्टमध्ये मात्र पहिल्याच दिवशी ते एकत्र येतात.

सुरुवात खिडकीपासून. पायथनमध्ये टीकिंटर वापरून खिडकी बनवली, बटण टाकलं, चालवलं, आणि काहीच दिसलं नाही, किंवा क्षणभर चमकून गेलं. कारण शेवटची ओळ, मेनलूपची, राहिलेली असते. ती ओळ म्हणजे ‘आता माझं सांगून झालं, यापुढे घटनांची वाट पाहत बस’ अशी आज्ञा. तिच्याशिवाय प्रोग्राम वरून खाली धावतो आणि संपतो, अगदी पहिल्या वर्षी शिकवल्यासारखा. उलट ती ओळ मध्येच लिहिली तर पुढचा प्रश्न येतो: ‘मेनलूपच्या खालचा कोड चालतच नाही.’ चालेल, पण खिडकी बंद केल्यावर. दोन्ही प्रश्न वरवर उलटे दिसतात, पण घोटाळा एकच आहे. प्रोग्रामचा लगाम आता आपल्या हातात नाही, घटनांच्या चक्राच्या हातात आहे, हे अजून पचलेलं नसतं.

बटणाचं तसंच. ‘नोंद करा’ हे बटण न दाबताच नोंद होते आणि दाबल्यावर काही होत नाही, हा टीकिंटरमधला कदाचित सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न असेल. बटणाला काम सांगताना फंक्शनच्या नावापुढे कंस लावलेले असतात. कंस लावले की फंक्शन तिथल्या तिथे चालतं, आणि बटणाच्या हाती त्याचं उत्तर येतं, जे बहुधा रिकामं असतं. कंस काढले की फंक्शन स्वतः बटणाकडे सोपवलं जातं: वेळ आली की तू हाक मार. हा फरक सांगायला एक मिनिट पुरतं, पण ‘आत्ता कर’ आणि ‘वेळ आली की कर’ यांतलं अंतर डोक्यात बसायला खूप प्रोग्राम लिहावे लागतात. स्विंगमधला ॲक्शन लिसनर, सी शार्पमधला क्लिक इव्हेंट, सगळे याच एका गोष्टीचे अवतार.

आता सगळ्यात मोठा प्रश्न, आणि इथे जरा थांबायला हवं. डेअरीच्या प्रोजेक्टमध्ये ‘फॅट वाचा’ असं बटण असतं. ते दाबलं की प्रोग्राम सीरियल पोर्टवर मशीनच्या आकड्याची वाट पाहतो. आकडा यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात खिडकी गोठते. दुसरं बटण दबत नाही, खिडकी सरकत नाही, जुन्या विंडोजवर दुसरी खिडकी वरून गेली तर मागे पांढरा पट्टा राहत असे. विंडोजमध्ये सुमारे ५ सेकंद खिडकीने घटनांना प्रतिसाद दिला नाही की शीर्षकपट्टीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असं येतं आणि मुलाला वाटतं प्रोग्राम मेला. मेलेला नसतो. जो एकमेव धागा (थ्रेड) खिडकी रंगवतो, क्लिक ऐकतो, तोच आपण मशीनपुढे वाट पाहायला बसवलेला असतो. एक माणूस दोन रांगांत उभा राहू शकत नाही. बटणाच्या आत झोपेची आज्ञा, कधीही न संपणारा लूप, मोठी फाइल उतरवणं, सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत थांबणं, काहीही टाका, परिणाम तोच.

यावर इंटरनेटवर सापडणारा पहिला उपाय व्हीबीवाल्यांचा लाडका: लूपच्या आत डूइव्हेंट्स टाका. म्हणजे वाट पाहता पाहता मध्येच खिडकीकडे एक नजर टाक. खिडकी हलू लागते, प्रोजेक्टचे मार्गदर्शकही खूश. पण डूइव्हेंट्स चालू असताना अधीर झालेल्या माणसाने ‘नोंद करा’ पुन्हा दाबलं तर पहिली नोंद अर्धवट असतानाच दुसरी सुरू होते, आणि एकाच शेतकऱ्याच्या नावावर तेच दूध दोनदा चढतं. संकलन केंद्रावर ही नुसती चूक राहत नाही, भांडण होतं. निदान काम सुरू होताच बटण निष्क्रिय करून ठेवावं. एवढी एक ओळ पुष्कळ प्रोजेक्टांत नसते.

रीतसर उपाय वेगळा: वाट पाहण्याचं काम दुसऱ्या धाग्याला द्यायचं. इथे लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो. दुसरा धागा आकडा आणतो आणि थेट लेबलवर लिहायला जातो, तेव्हा प्रोग्राम कधी चालतो, कधी कोसळतो, आणि ‘माझ्या लॅपटॉपवर चालतं’ हे वाक्य जन्माला येतं. बहुतेक सर्व खिडकी-संचांचा नियम असा की पडद्याला हात लावायचा अधिकार एकाच धाग्याला. बाहेरच्या धाग्याने निरोप ठेवायचा, मुख्य धाग्याने सवडीने तो उचलायचा. स्विंगमध्ये त्यासाठी इन्व्होकलेटर आहे, सी शार्पमध्ये इन्व्होक, टीकिंटरमध्ये रांग आणि आफ्टर यांची जोडी. ज्याला ही एक रचना नीट लिहिता आली त्याला डेस्कटॉपचं अर्धं शास्त्र आलं असं मी तरी मानतो. बटणांचे रंग आणि गोल कोपरे नंतरही शिकता येतात.

बाकीचे खिडकीचे प्रश्न भराभर उरकता येतील. एडब्ल्यूटीची फ्रेम फुली दाबूनही बंद होत नाही, कारण बंद करण्याची घटना तुम्ही ऐकलेलीच नसते. स्विंगची फ्रेम फुलीवर नाहीशी होते, पण मागे प्रोग्राम चालूच राहतो, कारण तिचा मूळ स्वभाव लपण्याचा आहे. फुली म्हणजे बाहेर पडणं, हे वेगळं सांगावं लागतं. टीकिंटरमध्ये एकाच चौकटीत पॅक आणि ग्रिड मिसळले की तक्रार येते. फंक्शनच्या आत उघडलेलं चित्र खिडकीवर उमटतच नाही, कारण फंक्शन संपताच त्या चित्राचा शेवटचा धनी निघून जातो आणि पायथन ते साफ करून टाकतो. घटकांना आकडे मोजून जागा दिलेली खिडकी दुसऱ्याच्या पडद्यावर कापली जाते. ही उत्तरं एकदा सापडली की संपली.

नेटवर्कचे प्रश्न असे संपत नाहीत. पुस्तकातला क्लायंट-सर्व्हरचा प्रयोग दोन्ही टोकं एकाच संगणकावर चालवतो. पत्ता लोकलहोस्ट, म्हणजे १२७.०.०.१, म्हणजे ‘मीच’. तिथे तार तुटत नाही, उशीर होत नाही, फायरवॉल आडवी येत नाही. नेटवर्कची खरी अडचण या पत्त्याने झाकून टाकलेली असते. मग प्रोजेक्ट दाखवायच्या आदल्या दिवशी मित्राच्या लॅपटॉपवर क्लायंट चालवला जातो, आणि त्यात पत्ता अजून १२७.०.०.१ असतो. मित्राचा लॅपटॉप स्वतःलाच हाक मारतो आणि तिथे कुणी ऐकत नसतं. कुणी हुशारीने क्लायंटमधला पत्ता बदलतो, पण सर्व्हर अजून फक्त लोकलहोस्टवर ऐकत असतो, त्याने ०.०.०.० वर, म्हणजे आपल्या सगळ्या दारांवर, ऐकायला हवं.

इथे त्रुटीचा संदेश वाचायची सवय नसणं फार महागात पडतं. लाल अक्षरं दिसली की मुलं खिडकी बंद करतात किंवा फोटो काढून ग्रुपवर टाकतात. पण ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि ‘टाइम्ड आउट’ या दोन संदेशांत रात्रंदिवसाचा फरक आहे. पहिल्याचा अर्थ, त्या संगणकापर्यंत पोहोचलो, पण त्या पोर्टवर कुणी बसलेलं नाही: सर्व्हर चालू आहे का, पोर्टचा क्रमांक तोच आहे का, पाहा. दुसऱ्याचा अर्थ, उत्तरच आलं नाही: पत्ता चुकलाय, फायरवॉल गिळतेय, किंवा दोघं एका नेटवर्कवरच नाहीत. विंडोजवर हेच १००६१ आणि १००६० अशा आकड्यांनी येतं. तिसरा सोबती १००४८, पोर्ट आधीच कुणीतरी घेतलंय. बहुधा आपलाच जुना सर्व्हर मागे चालू राहिलेला असतो. लिनक्सवर सर्व्हर बंद केल्यावरही पोर्ट साधारण मिनिटभर अडकून राहू शकतं, त्यासाठी पत्ता पुन्हा वापरण्याची परवानगी आधीच मागून ठेवायची असते. झॅम्पमधलं अपाची सुरू होत नाही हा प्रश्नही याच घरातला: पोर्ट ८० वर दुसरं कुणीतरी ठाण मांडून बसलेलं.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दोन लॅपटॉप जोडून चॅट चालतं. तेच बारामतीतून निरवांगीला चालवायचं म्हटलं की बंद. ‘सर, आयपी तर बरोबर टाकलाय’, असं मूल सांगतं, आणि तो आयपी १९२.१६८ ने सुरू होत असतो. १९२.१६८, १० आणि १७२.१६ ते १७२.३१ हे पत्ते १९९६ पासून खासगी जाळ्यांसाठी राखलेले आहेत. ते प्रत्येक घरात सारखेच असू शकतात आणि बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना अर्थ नसतो. त्यातून मोबाइल कंपन्या आयपीव्ही४ वर सहसा हजारो ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे उभं करतात, म्हणून राउटरचं पोर्ट उघडण्याचा यूट्यूबवरचा उपायही इथे लागू पडत नाही. बाहेरून आत येता येत नसेल तर आतून बाहेर जावं. दोघांनी एखाद्या सार्वजनिक पत्त्यावरच्या सर्व्हरकडे जायचं आणि त्याने निरोप इकडचा तिकडे करायचा. मोबाइलवरची निरोपांची ॲप्स हेच करतात. संकलन केंद्राचा संगणकही संघाच्या सर्व्हरला स्वतः फोन लावतो, सर्व्हर केंद्राला शोधत येत नाही.

जोडणी झाली, आता संवाद. जावाच्या चॅटमध्ये दोन्ही बाजू जोडलेल्या असतात, त्रुटी नाही, आणि तरी दोन्ही गप्प. एक बाजू रीडलाइनवर ओळ संपण्याची वाट पाहते, दुसऱ्या बाजूने मजकूर पाठवला खरा, पण ओळ संपवणारं चिन्ह पाठवलंच नाही. किंवा मजकूर अजून आपल्याच बफरमध्ये पडून आहे, फ्लश केलेला नाही. पुन्हा तीच गोष्ट, कोण कुणाची वाट पाहतंय. दोघंही ‘आधी तू बोल’ म्हणून वाचायला बसले तर प्रलयापर्यंत बसतील. आणि सर्व्हर पहिल्या क्लायंटशी बोलत असताना दुसरा जोडला गेल्यासारखा दिसतो पण त्याला उत्तर मिळत नाही, कारण सर्व्हरचा एकुलता एक धागा पहिल्यापुढे बसला आहे. प्रत्येक क्लायंटमागे एक धागा हा साधा उपाय. डिप्लोमाच्या प्रोजेक्टला तो भरपूर पुरतो.

हा संवाद वाहून नेणाऱ्या टीसीपीबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज असा की एका बाजूने जेवढं एका वेळी पाठवलं तेवढंच दुसऱ्या बाजूला एका वेळी मिळतं. लोकलहोस्टवर बहुतेक वेळा मिळतंही, म्हणून गैरसमज पक्का होतो. पण टीसीपी म्हणजे नीरा डाव्या कालव्याचं पाणी: वर कुणी किती वेळा दार उघडलं याच्या खुणा खाली येणाऱ्या पाण्यावर नसतात. तीन निरोप चिकटून एक होऊन येतील, एक निरोप दोन तुकड्यांत येईल. पाणी सगळं आणि क्रमाने येईल, एवढीच हमी. निरोपाची हद्द आपणच आखायची असते. प्रत्येक निरोपाच्या शेवटी नवी ओळ टाका, नाहीतर आधी लांबी पाठवा आणि तेवढे बाइट जमेपर्यंत वाचत राहा. ‘रिसीव्ह १०२४’ याचा अर्थ जास्तीत जास्त १०२४, नेमके १०२४ नव्हे. शून्य बाइट आले तर पलीकडच्याने दार लावून घेतलं असं समजायचं. ते न तपासणारा लूप सीपीयू गरम करत फिरत राहतो. फॅट मशीनच्या सीरियल तारेलाही हाच कायदा. ३.५ हा आकडा एकदा ‘३.’ आणि मग ‘५’ असा येऊ शकतो, आणि घाई केली तर शेतकऱ्याच्या नावावर ३ फॅट लागते.

मराठी मजकूर पाठवायला घेतला की यात एक गाठ वाढते. ‘निरवांगी’ हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा दिसतो. पायथनला किंवा जावाला लांबी विचारली तर उत्तर ८, कारण न, वेलांटी, र, व, काना, अनुस्वार, ग, दुसरी वेलांटी ही सगळी स्वतंत्र चिन्हं. आणि यूटीएफ-८ मध्ये तो तारेवर चढतो तेव्हा २४ बाइट होतात, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ज्याने लांबी ८ पाठवून मागून २४ बाइट सोडले त्याच्या प्रोग्रामला पलीकडे दोन पूर्ण चिन्हं आणि तिसऱ्याचा तुकडा मिळतो आणि मजकूर उलगडताना तो ठेचकाळतो. इंग्रजीत ‘हॅलो’ पाठवणाऱ्याला ही चूक जन्मभर सापडणार नाही. तिथे तिन्ही आकडे एकच येतात. म्हणून माझा आग्रह आहे की नेटवर्कचा पहिला प्रयोगच आपल्या गावाच्या नावाने करावा.

त्याच जातीचा प्रश्न डेटाबेसचा. शेतकऱ्यांची नावं मराठीत भरली आणि यादीत सगळीकडे प्रश्नचिन्हं आली. मायएसक्यूएलच्या ८.० आधीच्या आवृत्त्या मूळ मांडणीत लॅटिन-१ धरून चालत. कॉलेजच्या जुन्या संगणकांवर त्या अजून सापडतात. तक्ता बनवतानाच यूटीएफ-८ सांगितलं तर हा त्रास नाही. नंतर सांगून प्रश्नचिन्हांची पुन्हा अक्षरं होत नाहीत. जावामध्ये २०२२ च्या १८ व्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हा मूळ संकेत झाला, त्याआधी तो यंत्रागणिक बदलत असे. गावात आणखी एक जुनं दुखणं भेटतं: श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये केलेल्या याद्या. त्यांत पडद्यावर मराठी दिसतं पण आत रोमन चिन्हं असतात. ती यादी नव्या प्रोग्राममध्ये तशीच ओतता येत नाही, आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावी लागते.

पैशाचा हिशेब फ्लोटमध्ये करू नये, एवढं सांगून पुढे जातो. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज तिथे ०.३ येत नाही, शेवटी एक शेपूट येतं, आणि दहा दिवसांच्या पगारात ते शेपूट पैशाच्या फरकाने डोकं वर काढतं. जावात बिगडेसिमल, पायथनमध्ये डेसिमल, नाहीतर सगळं पैशांत, पूर्णांकात ठेवावं. तसंच डेटाबेसच्या क्वेरीत नाव जोडाक्षरासारखं चिकटवूनही घालू नये. आपल्याकडच्या मराठी नावांत सुटं अवतरणचिन्ह येत नाही म्हणून चूक लपते. वसईचे एखादे डि’सोझा इंग्रजी स्पेलिंगने ग्राहक झाले की क्वेरी फुटते, आणि वाईट हेतूचा माणूस आला तर अख्खा तक्ता जातो.

एक संगणक पुरेनासा झाला की विचारलं जातं, डेटाबेसची फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवली तर दोन्हीकडून चालेल का? ॲक्सेस किंवा एसक्यूलाइट वापरणाऱ्यांना हा मोह होतोच. चालतं, आणि एक दिवस फाइल बिघडते. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये फाइलला कुलूप लावण्याची व्यवस्था भरवशाची नसते, हा इशारा एसक्यूलाइटच्या कर्त्यांनी स्वतःच देऊन ठेवला आहे. दोन संगणकांना एकच नोंदवही हवी असेल तर मध्ये डेटाबेसचा सर्व्हर हवा. मग क्लायंटच्या कोडमधलं ‘लोकलहोस्ट’ बदलायला हवं, आणि पासवर्ड कोडमध्ये लिहिलेला असेल तर तो एक्सई फाइलबरोबर गावभर फिरतो हेही लक्षात घ्यायला हवं. दुसऱ्याच्या संगणकावर प्रोग्राम नेला की न चालण्याची कारणं ठरलेली: जावा किंवा पायथन तिथे नाही, फाइलचा पूर्ण पत्ता आपल्या सी ड्राइव्हचा लिहिलाय, अँटिव्हायरसला पायइन्स्टॉलरची एक्सई संशयास्पद वाटली, आणि सीरियल केबल दुसऱ्या यूएसबीत लावल्यामुळे कॉम ३ चा कॉम ५ झाला.

कुठली भाषा शिकू, हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. पायथन घ्या, जावा घ्या, सी शार्प घ्या. घटनांचं चक्र, धागे आणि सॉकेट तिन्हींत तेच. वारंवार भाषा बदलणारा मुलगा प्रत्येक भाषेत पहिली खिडकी उघडून थांबतो. हल्ली एआयला विचारून कोड मिळतो, चांगला मिळतो, म्हणून प्रश्नाचं रूप पालटलंय: ‘कसं लिहू’ऐवजी ‘याने दिलेलं का चालत नाही’. दिलेला कोड बहुधा लोकलहोस्टवर चालणारा असतो. पत्ता, फायरवॉल, केबल, मशीनचा बॉड रेट या गोष्टी एआयला दिसत नाहीत, त्या खोलीत उभ्या असलेल्या माणसालाच दिसतात.

शेवटचा प्रश्न कुठल्याही पुस्तकाच्या पहिल्या भागात सापडणार नाही, पण गावातल्या प्रोजेक्टला तो सर्वांत आधी पडतो: लाइट गेली तर? नेट गेलं तर? लाइटीचं उत्तर व्यवहारात आहे, ट्रान्झॅक्शनमध्ये: दुधाची नोंद आणि खात्यातली जमा एकत्र होईल किंवा दोन्ही होणार नाही, अधलं मधलं काही नाही. नेटचं उत्तर जरा जास्त गुंतागुंतीचं आहे. सकाळच्या गर्दीत सर्व्हरची वाट पाहत रांग उभी ठेवता येत नाही. म्हणून नोंद आधी केंद्रातल्याच संगणकावर लिहायची, पावती द्यायची, आणि पाठवण्याचं काम मागच्या धाग्याने सावकाश करत राहायचं. प्रत्येक विनंतीला मुदत घालायची. पायथनच्या रिक्वेस्ट्समध्ये ती न सांगितल्यास प्रोग्राम कितीही वेळ ताटकळू शकतो. मुदत संपली की पुन्हा पाठवायचं. पण मुदत संपली याचा अर्थ नोंद पोहोचली नाही असा होत नाही. कदाचित नोंद पोहोचली आणि फक्त पोच परत येताना हरवली. पुन्हा पाठवलं की संघाच्या हिशेबात दूध दुप्पट. यावर उपाय म्हणून प्रत्येक नोंदीला केंद्रावरच, ती पहिल्यांदा लिहिताना, कधीही पुन्हा न येणारा क्रमांक द्यायचा. तो क्रमांक आधी आलेला असेल तर सर्व्हरने नवी नोंद न करता नुसती पोच द्यायची. मग केंद्राने तीच नोंद तीनदा पाठवली तरी चालतं, आणि संध्याकाळी नेट आल्यावर सकाळचे राहिलेले आकडे मागे लागून पाठवताना कुणी वहीशी ताळा करत बसायची गरज पडत नाही.